फुलांवाचून वेल

बागेत शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम फुलांकडे वळते. तथापि काही वनस्पती केवळ पानांच्या शोभेसाठीच लावल्या जातात. क्रोटन व कोलियस ही त्यांपैकीच होत. परंतु घरोघरी पोहोचण्याचा मान मिळाला तो मनीप्लँट नावाच्या वेलीस. तिच्या हृदयाकृती हिरव्या पानांवर पिवळे पट्टे असतात. जणू कोणी हळदीची बोटेच पुसली आहेत! त्या पिवळ्या भागात हरितद्रव्य फार थोडे असते. वेल अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली की पिवळेपणा ओसरून पाने हिरवी होऊ लागतात. तीच वेल मोठ्या वृक्षावर चढली, तर तळहाताएवढे पान हातभर लांब होते व त्याच्या कडा फाटतात.

या वेलीस फूल आलेले मात्र सहसा कोणी पाहिलेले नसते. तिचे मूळ स्थान प्रशांत महासागरातील मोओरेआ हे बेट. १८८० साली युरोपात तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पण वनस्पतीचे कूळ ओळखावयाचे ते मुख्यतः फुलावरून, आणि येथे तर फूलच नाही! साहजिकच तिचे शास्त्रीय नाव पुनःपुन्हा बदलावे लागले. फुले येण्यास जिबरेलीन नावाचे द्रव्य लागते. ते या वेलीत पुरेसे तयार होत नाही, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले. त्यांनी ते द्रव्य बाहेरून फवारले, तेव्हा वेल फुलली.

फूल नाही, म्हणून बी नाही. मग ही वेल एवढ्या दूरवर पसरली कशी? माणसाच्या हाताने! शेजाऱ्याकडून चोरून आणलेली फांदीच फोफावते, असा एक समज रूढ आहे. त्यात तथ्य नाही. फांदीच्या पेऱ्यापाशी मुळांचे लहान उंचवटे असतात. पेरे पाण्यात बुडाले की तेथून मुळे सुटतात व नवा कोंब फुटतो. पेऱ्यावाचून नुसते पान आणले, तर ते चोरलेले असो वा मागितलेले, त्याची वेल होत नाही.

या वेलीचा रस तोंडात गेल्यास जीभ व घसा यांची आग होते. म्हणून लहान मुलांना व गुरांना तिच्यापासून दूर ठेवावे.

घरात शोभणारी ही वेल रानात गेली की उपद्रवी ठरते. श्रीलंकेसारख्या उष्ण व दमट प्रदेशांत ती जंगलात शिरली असून, जमीन व झाडांचे बुंधे झाकून टाकते. तेथे उपटलेल्या वेलीचे एखादे पेरे जरी ओल्या मातीत राहिले, तरी त्यातून ती पुन्हा उभी राहते.