रात्रीची गाडी, दोन पोरं

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या स्लीपरने कोल्हापूरला जायचंय. तिकिटं कशी काढू?

उत्तर : पाचच्या आतल्या मुलाचं तिकीट नाही, पण बर्थही नाही. मुलीला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही, पूर्णच काढा. इथे काटकसर केलीत तर रात्रभर तुमचीच कंबर धरेल.

लोअर बर्थ मागा. मुलगा आत, भिंतीकडे, कडेला तुम्ही. मधला बर्थ रात्री दहाला लागला की खाली ताठ बसता येत नाही, तेव्हा जेवणं त्याआधी उरका. दशम्या-चटणी उत्तम, रस्सा नकोच. स्लीपरमध्ये चादर-उशी मिळत नाही. घाटात गार वारा सुटतो, एक गोधडी न्याच. पहाटे शौचालयासाठी रांग लागायच्या आत मुलांना उठवा, कुरकुरली तरी.