आम्लरोधक औषधे व विषाणुजन्य श्वसनसंसर्ग : रुग्णास काय सांगावे?

२०२० सालच्या कोविड साथीत एक शंका बळावली व ती आजही चिकित्सालयात आणि औषधालयाच्या काउंटरवर ऐकू येते : "ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे फ्लू, कोरोना लवकर होतो का?" आपल्या उत्तरावर रुग्ण गोळी चालू ठेवतो किंवा बंद करतो. म्हणून या विषयाचा साधकबाधक विचार होणे अगत्याचे आहे.

शंकेचे मूळ

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल आदी औषधे आमाशयात आम्ल स्रवणारा 'प्रोटॉन पंप' बंद पाडतात. हे आम्ल अन्नपाण्यावाटे येणाऱ्या जंतूंना अडविणारी नैसर्गिक भिंत आहे. कोरोना विषाणू ज्यांना चिकटतो ते 'एसीई-२' ग्राहक लघ्वंत्रातही विपुल असतात. आम्ल घटल्यास गिळला गेलेला विषाणू आतड्यापर्यंत जिवंत पोहोचेल, हे अनुमान सुसंगत आहे. परंतु फ्लू व कोविड यांचा मुख्य प्रवेशमार्ग श्वास हाच असल्याने अनुमान प्रत्यक्षाशी ताडून पाहावे लागते.

प्रत्यक्ष काय सांगते?

२०२० साली अमेरिकेत सुमारे ५३ हजार व्यक्तींच्या प्रश्नावली-पाहणीत दिवसातून दोनदा ही औषधे घेणाऱ्यांत कोविडचे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक दिसले. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील सुमारे १ लाख ३२ हजार चाचणी झालेल्यांच्या अभ्यासात मात्र संसर्गाचा धोका वाढलेला आढळला नाही; संसर्ग झालेल्यांपैकी ही औषधे नुकतीच सुरू केलेल्यांत आजार गंभीर होण्याचे प्रमाण तेवढे अधिक होते. असे निरीक्षणात्मक अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. स्थौल्य, मधुमेह व अन्य व्याधी असलेल्यांनाच या गोळ्या अधिक दिल्या जातात, हे विसरू नये.

अधिक विश्वसनीय पुरावा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कंपास' चाचणीचा आहे. सुमारे १७ हजार ६०० हृद्रोगी व रक्तवाहिनीविकारग्रस्तांना पँटोप्राझोल किंवा निष्क्रिय गोळी देऊन सरासरी तीन वर्षे पाहिले गेले. न्यूमोनियात फरक पडला नाही. आतड्याचे संसर्ग मात्र १.० टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर गेले. तात्पर्य, भिंत खचल्याचा परिणाम महास्रोतसात दिसतो. श्वसनमार्गात तो सिद्ध झालेला नाही.

अचानक बंद करण्यातील धोका

भीतीपोटी गोळी एकाएकी थांबविल्यास आम्लस्राव उसळतो. २००९ सालच्या डॅनिश अभ्यासात आम्लविकार नसलेल्या निरोगी व्यक्तींना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन थांबविले असता ४४ टक्क्यांना आम्लपित्तासारखी लक्षणे झाली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. रुग्ण याला मूळ व्याधीच समजून पुन्हा गोळीकडे वळतो. पूर्वी रक्तस्रावी व्रण झालेला आणि ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घेणारा रुग्ण असेल, तर गोळी थांबविणे जीवघेणे ठरू शकते.

आपले कर्तव्य

१. गोळी कोणी, कशासाठी व किती काळाकरिता दिली, हे प्रथम विचारावे. रक्तस्राव, गिळण्यास त्रास, वजन घटणे, काळे मल ही लक्षणे असल्यास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे.

२. केवळ सवयीने चालू असलेली गोळी मूळ चिकित्सकाच्या संमतीने क्रमाक्रमाने कमी करावी. निदानपरिवर्जन हाच पाया : रात्रीचे जागरण, उशिराचे जेवण, अतितिखट, मद्य व तंबाखू टाळणे.

३. शंख, कपर्दिक व प्रवाळ यांच्या भस्मांत मुख्यतः चुनखडीचाच अंश असून तीही आम्ल निष्प्रभ करतात. 'आमचे नैसर्गिक, म्हणून निर्धोक' असे म्हणू नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाबात ते टाळावे.

४. औषधविक्रेत्यांनी या गोळ्या चिठ्ठीविना महिनोन्महिने देऊ नयेत. तसेच कोरोनाची भीती घालून पर्यायी चूर्ण खपवू नये.

आमाशयातील आम्ल म्हणजेच जाठराग्नी असे समीकरण मांडणे सोयीचे असले, तरी शास्त्रशुद्ध नाही. अग्नीची संकल्पना त्याहून व्यापक आहे. रुग्णास एवढेच सांगावे : "या गोळीने फ्लू किंवा कोरोना होतो असे सिद्ध झालेले नाही, पोटाच्या संसर्गाचा धोका थोडा वाढतो, म्हणून पाणी व अन्न स्वच्छ ठेवा, आणि गोळी मनाने बंद करू नका."