संगणकातील दप्तराची राखण

दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे कार्यालयातील प्रत्येकास ठाऊक असते. संगणकातील दप्तराविषयी तसे नेहमीच सांगता येत नाही. जमिनीचे उतारे, जन्ममृत्यूच्या नोंदी व विद्यार्थ्यांचे गुण आता संगणकात साठविले जातात. त्यांची राखण हे केवळ तंत्रज्ञांचे काम नसून संस्थेच्या कारभाराचेच अंग होय.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ ही घातक आज्ञावली सुमारे १५० देशांत पसरली. संगणकांतील नोंदी कुलूपबंद करून त्या मोकळ्या करण्यासाठी तिने खंडणी मागितली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. वास्तविक, या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध केली होती. सूचनाही गेल्या होत्या; परंतु त्यांचे पालन झाले किंवा कसे, हे तपासण्याची रीतसर पद्धत आरोग्य विभागाकडे नव्हती.

अशी उणीव राहू नये यासाठी जोखीम-व्यवस्थापनाचे आराखडे उपयोगी पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१४ साली असा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीत सहा अंगे आहेत :

१. नियमन : जबाबदारी कोणाची, हे वरिष्ठांनी ठरविणे.
२. ओळख : संगणक, नोंदी व त्यांना असलेले धोके यांची यादी करणे.
३. संरक्षण : परवलीचे शब्द गुप्त राखणे, दुरुस्त्या वेळेवर बसविणे, नोंदींच्या प्रती वेगळ्या ठेवणे.
४. शोध : गैरप्रकार त्वरित लक्षात येईल अशी देखरेख ठेवणे.
५. प्रतिसाद : हानी आवरणे व संबंधितांस कळविणे.
६. पुनःस्थापना : कामकाज पूर्ववत करणे.

सर्व धोके सारखे नसतात. घटना घडण्याचा संभव किती आणि घडल्यास हानी किती, या दोहोंवरून त्यांचा क्रम लावावा. सूचनाफलकाचा मजकूर पुन्हा लिहिता येतो; जन्माची नोंद हरवली तर एखाद्या मुलाचा दाखला अडतो.

भारतात २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळविणे संस्थांवर बंधनकारक आहे. कळवावयाचे कोणी, हे आयत्या वेळी ठरविण्यास मग अवधी उरत नाही.

आपल्याकडे कोणत्या नोंदी आहेत, त्यांना जबाबदार कोण आणि त्यांची प्रत शेवटी केव्हा उघडून पाहिली, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे प्रत्येक कार्यालयात व शाळेत असावीत. राखणीचा आरंभ तेथूनच होतो.