स्वाध्यायाचा हिशेब : वाई आणि राजिम

'स्वाध्याय' हा शब्द मराठीत आज फारच सैल अर्थाने वापरला जातो. शालेय पाठ्यपुस्तकात धड्याच्या अखेरीस जे प्रश्न छापलेले असतात, त्यांनाही 'स्वाध्याय' असेच शीर्षक असते. प्रश्न दुसऱ्याने काढावयाचे, उत्तरे दुसऱ्याने तपासावयाची आणि त्या साऱ्या उपक्रमाला नाव मात्र स्वाध्यायाचे द्यावयाचे, ही विसंगती आता कोणाला खटकेनाशी झाली आहे. या शब्दाचा मूळचा अर्थ आपल्या शाखेच्या वेदाचे नित्य पठण असा आहे. तथापि तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत हा शब्द बहुधा एकटा येत नाही. तेथे स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे स्वतः शिकणे आणि दुसऱ्यास शिकवणे, यांची जोडी पुनःपुन्हा येते, आणि गुरुगृहाहून निघणाऱ्या शिष्याने या दोहोंत हयगय करू नये असे त्याला बजावण्यात येते. अध्ययन गुरुगृही संपत नाही, ते तेथून पुढे स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवावयाचे असते, हे त्यात गृहीतच धरलेले आहे.

अशा अध्ययनाचा अभ्यास करू पाहणाऱ्यापुढे एक मोठी अडचण उभी राहते. स्वयंशिक्षित व्यक्तीच्या विद्वत्तेचे फळ आपल्या हाती लागते, पण तिने कोणता बेत आखला होता, त्यातले काय साधले, काय फसले, याची नोंद बहुधा मिळत नाही. आत्मचरित्रे उतारवयात लिहिली जातात. त्या वेळेपर्यंत आडवाटा विस्मरणात गेलेल्या असतात आणि सारा प्रवास सरळ रेषेत झाल्यासारखा दिसू लागतो. म्हणून अध्ययन चालू असतानाच, किंवा ते संपताच, लिहिलेला कागद मोलाचा ठरतो. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांचा विचार करावयाचा आहे. पहिल्यात असा कागद नाही. दुसऱ्यात तो आहे, आणि लेखाचा भर साहजिकच त्याच्यावर राहील.

पहिले उदाहरण छत्तीसगढातील आहे. रायपूरहून दक्षिणेकडे धमतरीस जाणारी अरुंदमापी रेल्वे १९०० साली सुरू झाली. या मार्गावर अभनपूर हे स्थानक लागते आणि तेथून राजिमकडे जाणारा फाटा फुटतो. राजिमजवळच्या चमसूर या खेड्यात १८८१ साली पंडित सुंदरलाल शर्मा यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण थोडक्यात आटोपले. पुढचे सारे घरी. संस्कृत, बंगाली, उडिया आणि मराठी या भाषा त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या. लोकमान्य टिळकांचा 'केसरी' ते रायपूरहून मोठ्या प्रयासाने मिळवून वाचीत असत, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. रायपूरहून राजिमकडे जाणारी वाट अभनपूरवरूनच जात असल्यामुळे हा अंकही याच वाटेने गेला असला पाहिजे. महाराष्ट्रातील वाचक 'केसरी' वाचीत होता तो मराठी येत होते म्हणून. चमसूरच्या या तरुणाच्या बाबतीत भाषा आणि वृत्तपत्र यांचा संबंध निराळा होता, कारण 'केसरी'सारखे काही वाचावयाचे तर आधी मराठी शिकणे भाग होते. भाषाशिक्षणाचा यापेक्षा निकडीचा हेतू क्वचितच आढळेल.

त्याच काळात रायपूरशी निकटचा संबंध असलेले माधवराव सप्रे नेमक्या उलट दिशेने मार्गक्रमण करीत होते. जन्माने मराठी असलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेले. एकाने मराठी ग्रंथ हिंदी वाचकापर्यंत पोचवले. दुसरा हिंदी-छत्तीसगढीचा कवी स्वतःच चालत मराठीपर्यंत आला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात अनुवादकाची दखल घेतली जाते, अशा वाचकाची मात्र घेतली जात नाही. कारण अनुवादक पुस्तक मागे ठेवतो आणि वाचक काहीच ठेवीत नाही.

सुंदरलाल शर्मांनी पुष्कळ लिहिले. छत्तीसगढी भाषेतील त्यांची 'दानलीला' प्रसिद्धच आहे. १९२० च्या कंडेल नहर सत्याग्रहात ते नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या बरोबरीने पुढे होते. परंतु कोणती भाषा केव्हा घेतली, कोणत्या क्रमाने, कोणत्या पुस्तकावरून, अडले तेव्हा कोणास विचारले, यांविषयी त्यांच्या कार्याच्या परिचयांतून काही हाती लागत नाही. फळ दिसते, वाट दिसत नाही.

वाट दिसते ती वाईच्या उदाहरणात. विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, यांनी १९१६ च्या मार्चमध्ये इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईची गाडी धरली आणि सुरतेस उतरून काशीचा रस्ता धरला. तत्पूर्वीच त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईसमक्ष चुलीत घातली होती. ७ जून १९१६ रोजी ते कोचरबच्या आश्रमात गांधीजींकडे आले. ही हकीकत मराठी वाचकास परिचित आहे. तिच्यातील नाट्यामुळे ती वारंवार सांगितलीही जाते. त्यापुढचे वर्ष मात्र सहसा दोन वाक्यांत उरकले जाते, आणि शिक्षणाच्या दृष्टीने पाहता तेच अधिक महत्त्वाचे आहे. प्रमाणपत्रे जाळण्यास एक क्षण पुरतो. त्यांच्या जागी काय ठेवावयाचे, हे ठरवण्यास वेळ लागतो.

१९१७ च्या आरंभी प्रकृतीच्या कारणाने विनोबा आश्रमातून बाहेर पडले आणि वाईस गेले. तेथे प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील काळातील केवलानंद सरस्वती, वेदान्त शिकवीत होते. १९१८ च्या फेब्रुवारीत विनोबांनी गांधीजींना एक दीर्घ पत्र लिहिले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. वर्षभराच्या अध्ययनाचा हा लेखी हिशेब होय. ठरल्या दिवशी विनोबा आश्रमात हजर झाले, ही आठवण आदराने सांगितली जाते. पत्राच्या आरंभी मात्र निराळी कबुली आहे. बेत दोन-तीन महिन्यांचा होता, लागले वर्ष, आणि मधल्या काळात आश्रमास नीट कळवले नाही हा आपलाच दोष, असे पत्रलेखक प्रांजळपणे नमूद करतो. चरित्रातील आठवणीपेक्षा हा कागद अधिक विश्वसनीय मानावयास हवा, आणि त्यातून दिसणारे चित्र अधिक उद्बोधकही आहे. बेत मोडला तो आळसाने नव्हे. उपनिषदे हाती घेतली आणि विषयानेच मुक्काम वाढवला. स्वतः आखलेल्या अभ्यासक्रमात असे होणारच. प्रश्न एवढाच की वाढलेल्या काळाचा जाब द्यावयास अभ्यासक तयार आहे की नाही.

पत्रात प्रथम ग्रंथांची नोंद येते. उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे आणि पातंजल योगदर्शन हे त्यांतील मुख्य. एखाद्या विद्यार्थ्याचा अहवाल एवढ्यावर संपला असता. येथे तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. कारण यानंतर विनोबा सांगतात ते आपण काय शिकवले ते. सहा विद्यार्थ्यांना गीता, चौघांना ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय, दोघांना नऊ उपनिषदे. हिंदी स्वतःस चांगली येत नसतानाही विद्यार्थ्यांसमवेत हिंदी वृत्तपत्रे वाचण्याचा क्रम त्यांनी ठेवला. सुमारे चारशे मैल पायी प्रवास केला, सिंहगड, तोरणा यांसारखे गड पाहिले आणि वाटेत गीतेवर पन्नासेक प्रवचने दिली. शीक्षावल्लीतील स्वाध्याय आणि प्रवचन यांची जोडी येथे एका वर्षाच्या जमाखर्चात उतरलेली दिसते. नऊ उपनिषदे 'वाचली' असे म्हणणे सोपे असते. समोर दोन विद्यार्थी बसले की न कळलेली ओळ लपवता येत नाही.

वाईतील वाचनालयाची नोंद तर स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे. विनोबांनी तेथे विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले, आणि पुस्तकांसाठी लागणारा पैसा वर्गणी मागून नव्हे, तर लोकांचे धान्य जात्यावर दळून देऊन उभा केला. गिरणीत दळण नेणाऱ्या गावात विद्यार्थी जात्यावर बसले आणि त्या पिठाच्या मजुरीतून ग्रंथसंग्रह जमला. या नोंदीला पत्रात ब्रह्मसूत्रांहून कमी महत्त्व दिलेले नाही.

आणखी एक स्तंभ या हिशेबात आहे, तो देहाचा. रोज किती चालणे, किती दळणे, किती नमस्कार, आहारात काय आणि किती, हे सारे तेथे मोजून सांगितले आहे. मीठ आणि मसाले सोडल्याचे त्यात आहे. दूध सोडून पाहिले, ते जमले नाही, पुन्हा घ्यावे लागले, हेही त्यात आहे. आजच्या वाचकास हा तपशील अतिरेकी वाटेल, आणि बावीस वर्षांच्या तरुणाच्या तपस्वीपणात थोडा हट्टही असतो हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु पत्राची विश्वसनीयता वाढते ती या दुधाच्या नोंदीमुळेच. ज्या अहवालात एकही प्रयोग फसलेला नाही तो अहवाल प्रशस्तिपत्रकासारखा वाचावा लागतो.

या पत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. ग्रंथ मोजले आहेत, विद्यार्थी मोजले आहेत, मैल मोजले आहेत. परंतु शांकरभाष्यात कोठे अडखळलो, कोणता सिद्धान्त पटला नाही, हे त्यात सापडत नाही. संख्येने मांडता येते ते तेथे ठसठशीत आहे, आकलनाचा भाग अनुमानानेच काढावा लागतो. स्वतःच्या अभ्यासाचा वृत्तान्त लिहिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने या पत्राचे अनुकरण करावयाचे झाल्यास एवढी सुधारणा करूनच करावे. दुसरी गोष्ट परिस्थितीची. वर्षभर वाईस राहून ब्रह्मसूत्रे वाचता आली, कारण या तरुणावर संसाराचा भार नव्हता. सुंदरलाल शर्माही मालगुजार घराण्यातले होते. चमसूरमधील शेतमजुराच्या मुलाला रायपूरहून 'केसरी' मिळवण्याची सवड कोठली? स्वाध्यायाचे गोडवे गाताना ही सवड कोणी पुरवली, हा प्रश्न विसरला जातो.

गांधीजींच्या उत्तरातील एक मुद्दा मात्र फार पुढचा आहे. त्यांनी या तरुणाचे कौतुक केले, दूध सोडू नये असे सांगितले. आणि त्याची परीक्षा घेण्यास आपण पात्र नाही, त्याने स्वतःच केलेले मूल्यमापन आपण स्वीकारतो, अशा आशयाचे लिहिले. परीक्षकाने आपला अधिकार खाली ठेवला, तो हिशेब समोर आल्यानंतर. हिशेब द्यावयाचा होता म्हणून स्वतःचे परीक्षण कसोशीचे झाले, आणि ते कसोशीचे झाले म्हणून बाहेरच्या परीक्षेची गरज उरली नाही. स्वाध्याय एकट्याने चालतो हा समज या ठिकाणी ढळतो. तो ज्याला सांगावयाचा अशी एक व्यक्ती त्याच्या दुसऱ्या टोकाला असावी लागते, मग ती गुण देवो वा न देवो.

सुंदरलाल शर्मांपाशी असे दुसरे टोक नव्हते काय? १९२२ च्या जंगल सत्याग्रहानंतर ते रायपूरच्या तुरुंगात होते, आणि तेथे त्यांनी एक हस्तलिखित पत्र काढले. त्याचे नाव 'श्रीकृष्ण जन्मस्थान समाचारपत्र'. श्रीकृष्णाचा जन्म कारागृहातला, तेव्हा तुरुंगाला याहून चपखल नाव मिळणे कठीण. ज्या गृहस्थाने तरुणपणी कष्टाने दुसऱ्याचे पत्र मिळवून वाचले, त्याने स्वतःचे पत्र हाताने लिहून सहबंद्यांच्या हाती दिले. हिशेब लिहिला गेला नाही. परतफेड मात्र झाली, असे म्हणता येईल.

या दोन्ही उदाहरणांचा संबंध आजच्या विद्यापीठांशी येतो तो एका नावामुळे. छत्तीसगढ शासनाने २००५ साली बिलासपूर येथे सुरू केलेल्या मुक्त विद्यापीठास पंडित सुंदरलाल शर्मांचे नाव आहे. घरी राहून शिकणाऱ्यांच्या विद्यापीठाला घरी शिकलेल्या माणसाचे नाव द्यावे, ही निवड समर्पक आहे. महाराष्ट्रात नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच कार्य करीत आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यास या संस्थांनी सवड मिळवून दिली, हे त्यांचे मोठे ऋण. पण अभ्यासक्रम, पुस्तिका आणि परीक्षा ही सारी विद्यापीठाकडूनच येतात. विद्यार्थ्याने स्वतः आखलेला बेत आणि अखेरीस स्वतः लिहिलेला हिशेब यांना तेथे जागा कशी करून द्यावयाची, हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांपुढील प्रश्न आहे. वाईच्या पत्रासारखा कागद वाचून त्यावर तोंडी चर्चा करणारा एक अध्यापक प्रत्येक केंद्रावर असणे, ही त्याची किमान किंमत होय, आणि ती स्वस्त नाही.

विनोबांच्या त्या वर्षातील एका कामाचा हिशेब मात्र पत्राच्या तारखेस पूर्ण होणे शक्यच नव्हते. आई रखुमाईस संस्कृत येत नव्हते. गीता समजावी म्हणून मराठी पद्यानुवाद आणून दिला, तर तोही तिला कठीण वाटला, आणि सोपी गीता तूच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले होते. वाईतील गीतेचा वर्ग आणि वाटेतील पन्नास प्रवचने ही त्या कामाची पूर्वतयारी होती, असे मागाहून पाहता दिसते. पत्र लिहिले गेले त्याच वर्षी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीत रखुमाई गेली. 'गीताई' लिहून झाली १९३१ च्या फेब्रुवारीत. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, आणि समोर बसलेल्या श्रोत्यांत तुरुंगातील साधे कैदीही होते.