भार, वेग आणि बैलाची शक्ती

नागपूर व वर्धा जिल्ह्यांतील गवळाऊ बैल चपळ चालीबद्दल प्रसिद्ध आहे. तथापि त्याच्याही शक्तीला मर्यादा आहे. ती कशी खर्च होते हे जाणल्यास बैल न थकविता पुरेसे काम घेता येते.

बैल आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर सोसू शकतो. ३५० किलोच्या बैलास ती ३५ किलो होय. ओढ तीच ठेवून वेग दुप्पट केल्यास दर मिनिटाचे कामही दुप्पट होते. त्यातच खर्च झालेल्या शक्तीचा सुमारे तिसरा हिस्साच ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता बनते. वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा ही उष्णता शरीराबाहेर पडणे कठीण होते व बैल धापा टाकू लागतो. अशा वेळी तुतारी टोचून वेग वाढविणे घातक ठरते.

पक्क्या सडकेवर सहज चालणारी बंडी ओल्या काळ्या जमिनीत रुतते व ओढ कित्येक पटींनी वाढते. म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

१. शेतातून निघताना भार निम्मा ठेवावा. उरलेला सडकेवर चढवावा.
२. माल आसावर समतोल रचावा, म्हणजे मानेवर जूचा दाब पडत नाही.
३. आसास वेळोवेळी वंगण द्यावे.
४. १९६५ च्या नियमांनुसार दिवसात ९ तासांहून अधिक व सलग ५ तासांहून अधिक काम घेऊ नये; तापमान ३७ अंशांवर असल्यास दुपारी १२ ते ३ बैल जुंपू नये.

सकाळच्या गारव्यात संथ चालीने केलेली खेप बैलास दुसऱ्या दिवसाच्या कामाकरिता ताजा ठेवते.