केबलचे बिल आणि दुकानाचा गल्ला

आपल्या दुकानाच्या वहीत भाडे लिहिलेले असते, विजेचे बिल असते, कारागिराची मजुरी, हमाली, अगदी चहापाण्याचे पैसेसुद्धा असतात. केबलचे पैसे मात्र कुठल्याच वहीत सापडत नाहीत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाल्याचा पोरगा गल्ल्यासमोर येऊन उभा राहतो. आपण गिऱ्हाईक करता करता नोटा काढून त्याच्या हातावर ठेवतो आणि विसरून जातो. घरखर्चात ते धरले जात नाहीत, कारण ते घरातून गेलेले नसतात. दुकानखर्चातही नाहीत, कारण ते दुकानाचे नसतात.

टीव्ही पाहावा की पाहू नये, हा या पानाचा विषय नव्हे. त्यावर ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जे पाहायचे ते किती पैशांत पाहता येते आणि आपण किती देतो.

समजा, महिन्याला ३०० रुपये जातात. ऐकायला रक्कम लहान आहे. पण हे ३०० रुपये विक्रीचे नाहीत, नफ्याचे आहेत. ज्या किराणा दुकानदाराला शंभराच्या विक्रीमागे दहा रुपये सुटतात, त्याला हे पैसे काढायला ३,००० रुपयांचा माल विकावा लागतो. वर्षाला ३६,००० रुपयांचा. घरी कुर्ते शिवणाऱ्या कारागिराला नगामागे खर्च वजा जाता ५० रुपये राहत असतील, तर दर महिन्याचे सहा नग तो केबलसाठी शिवतो. हा हिशेब आम्ही ज्यांच्यापुढे मांडला, त्यांतले बहुतेक जण आधी हसले आणि मग बोटांवर मोजू लागले.

ही सवय लागली कशी, तेही थोडे आठवावे. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले, तेव्हा दूरदर्शनच्या बातम्यांखेरीज दुसरे चित्र घरात दिसत नव्हते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे त्या वेळी आखातात नोकरीला होती. उपग्रहावरून येणाऱ्या बातम्यांची ओढ लागणे साहजिकच होते. त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आली आणि गच्चीवरच्या एका छत्रीतून अख्ख्या गल्लीला वायरी गेल्या. पुढे कायद्याने डबा सक्तीचा झाला. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही त्याची मुदत होती, आणि गावोगाव हे काम मार्च २०१७ पर्यंत चालले.

डबा आल्यावर काय पाहायचे हे गिऱ्हाइकाने निवडावे, असा नियम ट्रायने फेब्रुवारी २०१९ पासून लागू केला. केबलचा मूळ आकार १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यात १०० मोफत वाहिन्या. पुढे २०२० मध्ये त्याच पैशांत २०० वाहिन्या देण्याचे ठरले. पैसे घेणाऱ्या वाहिन्यांचे दर याच्या वर, वेगवेगळे. जुलै २०२४ मध्ये मूळ आकारावरची ही कमाल मर्यादा ट्रायने उठवली, त्यामुळे आता तो आकार कंपनी ठरवते. म्हणून शेजाऱ्याचे बिल पाहून आपले बिल बरोबर आहे असे समजू नये. आपल्या बिलात मूळ आकार किती, वाहिन्यांचे किती आणि कर किती, हे निरनिराळे विचारावे.

यातच पहिली आणि सर्वांत सोपी बचत आहे. बहुतेकांच्या घरी चालू असलेले पॅकेज त्यांनी निवडलेलेच नसते, केबलवाल्याने लावून दिलेले असते. त्यात तमिळ वाहिन्या असतात, इंग्रजी सिनेमे असतात, खेळाच्या चार-पाच वाहिन्या असतात. सुट्या वाहिन्या निवडायचा हक्क आपल्याला आहे. तो वापरला तर डबा न बदलता, वायर न काढताही बिल खाली येते.

पण काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवणार कोण? इथे आम्ही दुकानदार मंडळींना थोडे स्पष्टच सांगतो. पैसे आपण देतो, टीव्ही आपण पाहत नाही. सकाळी दहाला दुकान उघडणारा आणि रात्री नऊला शटर ओढणारा माणूस घरी कोण काय पाहते ते सांगू शकत नाही. अम्मीला संध्याकाळची मराठी मालिका लागते, आजोबांना बातम्या लागतात, पोरांना कार्टून आणि क्रिकेट. एकाने तावातावाने केबल तोडावी आणि घरात महिनाभर अबोला धरला जावा, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. तिसऱ्या महिन्यात तीच केबल पुन्हा लागते, जोडणीचे पैसे वेगळे मोजून. म्हणून आठ दिवस टीव्हीशेजारी एक वही ठेवावी आणि जो लावेल त्याने वाहिनीचे नाव लिहावे. आमच्या घरी ही वही ठेवली तेव्हा दोनशेच्या वर वाहिन्यांपैकी आठवडाभरात अकरा वाहिन्यांची नावे आली, आणि त्यांतल्या तीन फक्त जाहिरातींच्या वेळी लावलेल्या होत्या.

वही हातात आल्यावर दुसऱ्या मार्गांचा विचार करता येतो. जुना गच्चीवरचा काठ्यांचा ॲन्टेना आता बहुतेक ठिकाणी कामाचा नाही. दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली आहेत. आज खरा स्वस्त मार्ग आहे तो डीडी फ्री डिशचा. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांवर सुरू झाली. हिला महिन्याची वर्गणी नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही. छत्री, डबा, वायर आणि बसवण्याची मजुरी मिळून सुमारे दोन हजार रुपये एकदाच लागतात. वरच्या हिशेबातले ३०० रुपये महिना धरले तर हे भांडवल सातव्या महिन्यात वसूल होते.

तिच्यावर काय मिळते? दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या मिळतात. सह्याद्री आहे, २००६ मध्ये सुरू झालेली डीडी उर्दू आहे, बातम्या आहेत. खासगी वाहिन्यांत हिंदी सिनेमे, मालिका, गाणी आणि बातम्या भरपूर आहेत. आकाशवाणीची केंद्रेही ऐकू येतात, म्हणजे कारखान्यात काम करता करता रेडिओचे काम भागते. शाळकरी मुलांसाठी स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्या या शैक्षणिक वाहिन्या याच उपग्रहावरून येतात. ज्या घरात शिकवणीचे पैसे जड जातात, तिथे या वाहिन्या एकदा लावून पाहाव्यात.

क्रिकेटचे मात्र नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळ घरांत सगळा निर्णय त्यावर अडतो. २००७ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुरुष संघाच्या एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांचे चित्र खासगी कंपनीला दूरदर्शनला द्यावे लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे चित्र दूरदर्शनने आपल्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवावे, केबलवाल्यांना ते द्यायचे नाही. त्यामुळे जो सामना फ्री डिशवर फुकट दिसतो, तोच केबलवर पैसे भरून पाहावा लागतो. आयपीएल या कायद्यात बसत नाही. तिच्यासाठी फ्री डिशवर भरवसा ठेवू नये.

दुसरा दोष असा की, खासगी वाहिन्या इथे लिलावात जागा घेतात, आणि परवडेनासे झाले की निघून जातात. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या वाहिन्या २०१९ मध्ये गेल्या, २०२० मध्ये परतल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. तेव्हा एखाद्या एकाच मालिकेसाठी छत्री घेणार असाल, तर ती वाहिनी आज तिथे आहे का ते शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहून घ्यावे. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या ताज्या मालिका हव्याच असतील, तर केबलवर त्या एक-दोन वाहिन्या सुट्या घेणे हाच मार्ग बरा.

आता डब्याविषयी. बाजारात दोन प्रकारचे डबे आहेत, एमपेग-२ आणि एमपेग-४. एमपेग-४ डब्यावर दोन्ही प्रकारच्या वाहिन्या दिसतात, जुन्यावर काहीच दिसतात. आम्ही स्वतः यात फसलो. ओळखीच्या दुकानातून दीडशे रुपये स्वस्त मिळाला म्हणून डबा आणला आणि शेजारच्या घरी दिसणाऱ्या कितीतरी वाहिन्या आमच्याकडे कोऱ्याच. फिटरला दोनदा बोलावले, छत्री हलवून झाली, वायर बदलून झाली. शेवटी त्यानेच डबा उलटा करून पाहिला आणि हसला. दीडशे वाचवायला गेलो आणि दुसरा डबा घ्यावा लागला. आपला टीव्ही नवा असेल तर त्यातच उपग्रहाचा ट्यूनर आहे का ते आधी पाहावे. काही टीव्हींत असतो, मग डबा लागतच नाही.

फ्री डिश येते ती जीसॅट-१५ उपग्रहावरून. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू आणि दक्षिण यांच्या मध्ये. मुंबई-रत्नागिरीकडे छत्री पूर्वेकडे थोडी जास्त झुकते, नागपूरकडे दक्षिणेला. त्या बाजूला उंच इमारत, टाकी किंवा नारळाचे झाड आड येत असेल तर पैसे घालू नयेत. चाळीतल्या ज्या खोल्यांची खिडकी फक्त उत्तरेला उघडते, त्यांना गच्चीवर जागा मिळाली तरच हे जमेल, आणि त्यासाठी सोसायटीला किंवा मालकाला आधी विचारलेले बरे. छत्री आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच उभी दिसते. ती वाकडी बसवली म्हणून फिटरशी भांडू नये, तिची घडणच तशी असते.

मुसळधार पावसात चित्र तुटते, आणि कोकणात हे जास्त जाणवते. ढग सरले की ते परत येते. पण पाऊस थांबूनही चित्र येत नसेल तर वायरीच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलेले असते. मे महिन्यातच त्यावर टेप गुंडाळून ठेवावी आणि छत्रीचे नट-बोल्ट आवळून त्यांना थोडे ग्रीस लावावे. दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दुसरा डबा लागतो.

पोरे म्हणतील, अब्बा, हे सगळे कशाला, मोबाईल आहे ना. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचे ॲप काढले आहे, आणि यूट्यूबवर सह्याद्रीचे कार्यक्रम मिळतात. पण साध्या चित्राला तासाला अर्धा ते पाऊण जीबी डेटा लागतो, आणि मोठ्या टीव्हीवर स्वच्छ चित्र हवे असेल तर दीड ते तीन जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर घरातल्या पाच माणसांचा टीव्ही चालत नाही. एकाच्या मोबाईलवरचा टीव्ही ज्याच्या हातात, त्याचाच होतो, आणि अम्मीच्या हातात तो क्वचितच येतो. शिवाय फुकटाचा भरवसा नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, २०२५ मध्ये तिला वर्गणी लागली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाईल कंपन्यांनी एकदम दर वाढवले. ज्यांच्या घरी धंद्याच्या किंवा मुलांच्या शिक्षणाच्या कामासाठी ब्रॉडबँड आधीच आहे, त्यांनी मात्र केबल आणि इंटरनेट दोन्हींचे पैसे भरत राहण्यात अर्थ नाही.

राहिला प्रश्न केबलवाल्याचा. तो बहुतेक ठिकाणी आपल्याच मोहल्ल्यातला असतो, आपल्याच दुकानातून सामान नेतो, अडचणीच्या महिन्यात आपले बिल थांबवतो. त्याचाही हा धंदाच आहे, आणि छत्र्या व मोबाईलमुळे त्याची गिऱ्हाइके कमी होत आहेत. त्याला न सांगता वायर कापू नये. आपली वही घेऊन त्याच्याकडे जावे आणि एवढ्याच वाहिन्या हव्यात, काय पडेल ते सांगा, असे विचारावे. पुष्कळदा तो स्वतःच आकडा खाली आणतो. नाहीच जमले तर मागची बाकी चुकती करावी, डबा परत करावा, अनामत दिली असेल तर ती मागावी आणि खाते बंद केल्याचे लिहून घ्यावे. डबा घरात पडून राहिला तर पुढे त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात.

ज्या केबलवाल्यांची, टीव्ही दुरुस्ती करणाऱ्यांची पोरे वाचत असतील, त्यांनीही छत्र्यांच्या या कामाकडे पाहावे. सिग्नल मीटर, पान्हे, ड्रिल आणि शिडी एवढ्या हत्यारांवर ते उभे राहते. छत्री बसवणे एकदाच होते, पण पावसाळ्याआधी कनेक्टर बदलणे, वाऱ्याने हललेली छत्री जागेवर आणणे, वाहिन्या बदलल्या की डबा नव्याने शोधायला लावणे, ही कामे वर्षभर येत राहतात. ज्या गिऱ्हाइकाची वायर काढली, त्याच्याच गच्चीवर ही कामे मिळतात.