गोळ्या का पसरतात

बेंगळुरूच्या बनशंकरीत आमच्या घरी नेमबाज मुलं येतात तेव्हा त्यांच्या हातात रायफल नसते, टार्गेटच्या कागदांची गुंडाळी असते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी कुणाला बोलवत नाही. त्या दिवशी राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला देवळात रीघ लागते आणि कनकपुरा रस्ता तुंबतो. येणाऱ्यांत कुणाचं घर मूळ कोल्हापूरचं, कुणाचं बेळगावचं, कुणी इथंच जन्मलेलं. विचारणं बहुधा सारखंच असतं: "काका, पन्नास मीटरवर ग्रुप फुटतोय. गोळी बदलू का?"

इतक्यात नको, असं मी सांगतो. का, ते इथे लिहून ठेवतो आहे.

1. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवरून, म्हणजे कागदावर पडलेल्या छिद्रांच्या घोळक्यावरून, काहीच ठरवू नये. तीच रायफल, तोच डबा, तोच नेमबाज, तरी पाठोपाठचे दोन ग्रुप एकमेकांच्या दुप्पट आकाराचे येऊ शकतात. बिघाड काही नसतो, मोजणीच तोकडी असते. दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप मारावेत आणि चारही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावेत. लांब गेलेल्या एका गोळीला 'फ्लायर' म्हणून बाजूला काढायची सवय मुलांना लवकर लागते. ती गोळीही त्याच नळीतून गेली आहे, तिला मोजायलाच हवं. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथे सोयीची आकडेमोड चालत नाही.

2. परदेशात शिकारीची मोठी रायफल वापरणारे बरेच जण काडतूस स्वतः भरतात. दारूचं वजन कणभर कमी-जास्त करतात, गोळी केसात, म्हणजे काडतुसाच्या कवचात, किती खोल बसवायची ते ठरवतात आणि आपल्या नळीला मानवेल अशी जोडणी शोधतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला आणि तो मिटला हे चांगलंच झालं. आपल्या .22 रायफलीचं काडतूस तर रिमफायर जातीचं. पेट घेणारं रसायन केसाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिनच्या ठोक्याने ती कड कायमची चेपते. असं केस पुन्हा भरता येत नाही. आपल्याला काडतूस घडवता येत नाही, फक्त निवडता येतं. निवड महागडी असल्यामुळे तिची पाळी सगळ्यात शेवटी.

3. पहिला हात स्क्रूंना लावा. ॲक्शन, म्हणजे गोळी झाडणारी यंत्रणा, स्टॉकमध्ये (दस्त्यात) धरून ठेवणारे दोन स्क्रू विमानप्रवासात, बॅगेत, बसच्या धक्क्यांत ढिले होतात. ते अंदाजाने पिळू नयेत. टॉर्क रेंच घ्यावा आणि रायफल बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर दोन्ही नेऊन थांबावं. मग मागची पीप साइट बोटांनी हलवून पाहा, पुढच्या साइटचं कडं घट्ट आहे का बघा. नळी मोकळी ठेवायची रचना असेल तर नळी आणि स्टॉक यांच्यामधून कागदाची पट्टी अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. या सगळ्याला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा लोक ते करत नाहीत.

4. पसारा उभा आहे की आडवा, ते आधी बघा. माझ्या मते या कामातला हा सगळ्यात बोलका पुरावा आहे.

स्पर्धेची .22 गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला 330 मीटरच्या आसपास ठेवलेली असते. वाटेत ध्वनीचा वेग ओलांडताना बसणारा हेलकावा तिला नको असतो. आता एक गोळी 330 मीटरने निघाली आणि दुसरी 320 ने. निव्वळ गुरुत्वाकर्षणाचा हिशेब केला तरी पन्नास मीटर जाईपर्यंत दुसरी पहिलीपेक्षा सुमारे 7 मिलिमीटर खाली लागते. म्हणजे ग्रुप उभा लांबलेला असेल तर संशय वेगावर जातो: काडतुसांतली दारू कमी-जास्त असेल किंवा पिन कडेवर सारखी आदळत नसेल. दहा रिकामी केसं ओळीने मांडा आणि पिनचे ठसे बघा. काही खोल, काही उथळ दिसले तर आधी पिन आणि तिची स्प्रिंग दाखवून घ्या, डबा नंतर. श्वासाने आणि सरकलेल्या कोपरानेही गोळ्या उभ्या पसरतात, तेही विसरू नये.

आडव्या पसाऱ्याचा पहिला संशयित वारा. सेकंदाला एक मीटर इतका आडवा वारा, जो गालाला जेमतेम जाणवतो, तो गोळीला पन्नास मीटरवर साधारण 6 मिलिमीटर ढकलतो. बेंगळुरूत जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो, मध्येच पडतो, पुन्हा उठतो. त्या महिन्यांत दुपारी चाचणी घेऊन गोळीला नावं ठेवणं अन्यायाचं आहे. सकाळी लवकर, वाऱ्याच्या झेंड्या लोंबत असताना मारा. ढगाआडून ऊन आलं-गेलं की पीपमधून काळं वर्तुळही वेगळं दिसतं, तेव्हा प्रत्येक ग्रुपशेजारी उजेडाची नोंद करा.

5. नळी घाणेरडी असली तर बिघडते, तशीच नको तितकी पुसली तरी. .22 मध्ये चेंबरच्या पुढच्या टोकाशी काजळीचं कठीण कडं जमतं. नुसत्या तेलाच्या चिंधीने ते निघत नाही आणि वाढलं की गोळी आत शिरतानाच खरवडते. सफाई नेहमी मागून, रॉडला मार्गदर्शक नळी लावून करावी. पुढून रॉड घातला तर नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, घासली जाते. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती जागा तीच. तिथे बारीक टवका असेल तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि चांगली गोळीही भरकटते. भिंगाने बघा, बोटाने चाचपू नका.

सफाईनंतरच्या आणि नवी गोळी लावल्यानंतरच्या सुरुवातीच्या दहा-वीस गोळ्या ग्रुपमध्ये धरू नयेत. प्रत्येक कंपनीचं वंगण निराळं असतं आणि नळीला त्याचा थर चढायला तेवढ्या गोळ्या लागतात. दोन ब्रँड आलटून-पालटून मारून केलेली तुलना म्हणूनच फसवी.

6. एका वेळी एकच बदल. स्क्रू, साइट आणि गोळी एकाच सकाळी बदललीत तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही.

7. दोष मुलाचा आहे का, हे शोधायची रीत असते, आणि ती आरडाओरड्याची नव्हे. रायफल शिकंज्यात बांधून मारा. ते जमत नसेल तर तीच रायफल, तीच गोळी एखाद्या जाणत्या नेमबाजाच्या हाती द्या. तिथे ग्रुप घट्ट आला तर मुलाची बैठक बघायची: पट्टा दंडावर इतका आवळला आहे का की नाडीचे ठोके पुढच्या साइटमध्ये दिसतात, गाल दर वेळी त्याच जागी टेकतो का, गोळी सुटल्यावर डोकं लगेच उचललं जातं का. तिथेही ग्रुप फुटला तर मुलाला एक शब्दही बोलू नका. कागदांची गुंडाळी छातीशी धरून रडवेली झालेली मुलगी मी पाहिली आहे. घरच्यांनी तिला 'लक्ष नाही तुझं' असं महिनोन् महिने सुनावलं होतं, आणि ढिला होता मागच्या साइटचा पाया. मला आजही राग येतो, तिच्यावर नव्हे, त्या सुनावण्यावर.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 590 गुण मिळवले आणि सातवा येऊन अंतिम फेरी गाठली. 1 ऑगस्टला 451.4 गुणांवर त्याने कांस्य घेतलं. पात्रतेच्या साठ गोळ्यांत त्याचे गेले ते एकूण दहा गुण. वारा, रायफल, काडतूस आणि माणूस या चौघांच्या चुका मिळून दहा. त्या पातळीवर जायचं स्वप्न बघणाऱ्या मुलाला निदान रायफलीची चूक त्याच्या डोक्यावर नको.

8. हे सगळं झाल्यावरही ग्रुप मोठा असेल तर आता गोळी. पण ब्रँड बदलण्याआधी लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदला. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या डब्यांवर निरनिराळे लॉट नंबर असतात आणि एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या, त्याच कारखान्यातल्या नळीला आवडेलच असं नाही. म्हणून मोठे नेमबाज बर्मिंगहॅमला एली या काडतूस कंपनीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआ कंपनीच्या चाचणी रेंजवर आपली रायफल घेऊन जातात आणि लॉटमागून लॉट मारून निवड करतात. आपल्या मुलांना ते परवडत नाही. क्लबमधल्या चार-पाच जणांनी वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा घ्यावा, आपसात वाटून मारावा, कागदावर लॉट नंबर, तारीख, वारा लिहावा. ज्याच्या नळीला जो लॉट मानवला त्याने त्याच नंबरचे परवान्यात बसतील तेवढे डबे एकदम घेऊन ठेवावेत. संपल्यावर तोच नंबर बाजारात पुन्हा मिळत नाही.